उद्याची हवा आणि आजचा सिग्नल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की शहरातलं ट्रॅफिक आणि हवा यावर काही शंका असतील तर पाठवा. पत्रं भरपूर आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींना चार ओळींत उत्तर आहे आणि काहींना बरंच लांबलंय, कारण काही ठिकाणी सांगण्यासारखं खूप आहे आणि ते अर्धवट सांगितलं की गैरसमज वाढतात.

प्रश्न : मोबाईलवर उद्याचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, दाखवतात. आजचा समजू शकतो, कुठेतरी मशीन लावलेलं असतं, पण उद्याचा कसा कळतो? आणि त्यात आपल्या गाड्यांचा हिशोब धरलेला असतो का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, एकदम मुळातलं विचारलंत. उद्याची हवा काढायला तीन गोष्टी लागतात, एक म्हणजे वारा, तापमान, दमटपणा वगैरे हवामानाचा अंदाज, दुसरी म्हणजे धूर आणि धूळ कुठून किती निघणार याची यादी आणि तिसरी म्हणजे हवेत गेल्यावर या वायूंची आपापसात जी रिॲक्शन होते तिचं गणित. हे सगळं मोठ्या कॉम्प्युटरवर एकत्र चालवतात, त्याला मॉडेल म्हणतात, आणि वर मशीनवरचे आजचे आकडे घालून ते खऱ्या हवेशी जुळवतात. हवामानाचा अंदाज जसा दोन-तीन दिवस बऱ्यापैकी भरवशाचा असतो आणि पुढे पुढे डळमळीत होतो तसंच हवेचंही आहे.

गाड्या येतात त्या दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे यादीत. एखाद्या रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातात, त्यात ट्रक किती, बस किती, दुचाकी किती, पेट्रोल की डिझेल, किती जुन्या, स्पीड काय, हे घ्यायचं आणि त्या प्रकारची गाडी किलोमीटरला किती ग्रॅम सोडते त्या आकड्याने गुणायचं. मोजणी कॅमेऱ्यावरून होते, रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपवरून होते, हल्ली फोनच्या जीपीएसवरून स्पीड पण मिळतो. गुणायचा आकडा मात्र जपून घ्यावा लागतो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या लॅबच्या टेस्टमध्ये एक सोडतात आणि रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट सोडतात हे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं, आणि त्यानंतर चालत्या गाडीचा धूर रस्त्यावरच मोजायचा यावर भर वाढला.

आपल्याकडे ‘सफर’ नावाची यंत्रणा २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीत सुरू झाली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेली, आणि २०१८ पासून दिल्लीसाठी वेगळी अर्ली वॉर्निंग सिस्टीम आहे. पण सर, एक लक्षात ठेवा, मोबाईलवर दिसतो तो आकडा बहुतेक वेळा एका किंवा काही किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी असते. तुमच्या चौकातली हवा त्याहून बरीच वाईट असू शकते आणि दोन गल्ल्या आत बरीच बरी. चौकाचं गणित वेगळ्या मॉडेलने करतात, त्यात रस्ता म्हणजे धुराची एक लांब रेषा धरतात आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये वारा कसा अडकतो तेही धरतात. ट्रॅफिकबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर हे दुसरं मॉडेल लागतं, नुसत्या ॲपवरून ते होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळे सिग्नल आता कॉम्प्युटरवर चालणार म्हणे. गाड्या कमी थांबणार म्हणून प्रदूषण पण कमी होणार असं सांगतात. खरंय का? – रोज बाईकवर ऑफिसला जाणारा

उत्तर : अर्धं खरंय, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी सगळ्यात जास्त धूर कधी सोडते तर थांबलेल्या जागेवरून परत स्पीड पकडताना. उभी राहून पण सोडतेच, पण जोरात पिकअप घेताना इंजिनवर लोड येतो आणि नायट्रोजन ऑक्साइड, काजळी दोन्ही एकदम वाढतात. स्पीड आणि धूर यांचा ग्राफ काढला तर तो मधे खोलगट येतो, अगदी हळू चालताना किलोमीटरमागे धूर जास्त, मधल्या स्पीडला कमी आणि फार जोरात गेलं की परत जास्त. म्हणून थांबे कमी झाले, एक सिग्नल हिरवा मिळाला की पुढचे पण हिरवे मिळत गेले, तर त्या रस्त्यावर दर गाडीमागे धूर कमी होतो, यात वाद नाही. गाड्यांची मोजणी करून आपोआप वेळ बदलणाऱ्या सिस्टीम १९७० च्या दशकापासून आहेत, ब्रिटनची स्कूट आणि ऑस्ट्रेलियाची स्कॅट्स ही त्यातली जुनी नावं, म्हणजे हे तंत्र काही नवीन नाही.

आता उरलेलं अर्धं. मेन रोडला हिरवा जास्त दिला की आडव्या रस्त्यावरच्या गाड्या जास्त वेळ थांबतात आणि पायी चालणारे तर कोणाच्या मोजणीतच नसतात, ते धुरात उभे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्ता मोकळा झाला हे लोकांना कळतं, जो बसने जात होता तो गाडी काढतो, जो लांबून जात होता तो इकडून यायला लागतो, आणि काही महिन्यांत दर गाडीमागे वाचलेला धूर गाड्या वाढल्यामुळे परत भरून निघू शकतो. म्हणून मी नेहमी विचारतो की सिग्नल बसवताना त्याला सांगितलंय काय? गाड्यांचा वेळ वाचव एवढंच सांगितलं असेल तर तो तेवढंच करणार. त्याला बसला आधी सोड असं सांगता येतं, पायी माणसाला थांबायला किती वेळ लागला ते मोज असं सांगता येतं, आणि कुठल्या भागात धूर साचतो ते सांगून तिथे एका वेळी ठराविक गाड्यांपेक्षा जास्त आत सोडू नको असंही सांगता येतं.

या शेवटच्याला गेटिंग म्हणतात आणि हवेच्या दृष्टीने मला हेच सगळ्यात कामाचं वाटतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात धूर वर निघून जात नाही, वरून वारा आडवा गेला की खाली हवा गोल गोल फिरत राहते. तिथे रांग लागू द्यायची नाही, रांग लागायचीच असेल तर ती दोन चौक अलीकडे, जिथे मोकळं आहे, वारा लागतो आणि माणसं कमी आहेत, तिथे लावायची. उद्या संध्याकाळी वारा पडणार असा अंदाज आला की कंट्रोल रूमने वेगळा प्लॅन लोड करायचा, बस एवढंच.

पण इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. रांग कुठे लावायची हे ठरवणाऱ्यांनी त्या जागी कोण राहतं ते स्वतः जाऊन बघावं. नकाशावर मोकळी दिसणारी जागा कित्येकदा अशा वस्तीला लागून असते जिथल्या लोकांची तक्रार कोणापर्यंत पोचत नाही, आणि मग एका भागाची हवा दुसऱ्याच्या छातीवर सुधारली जाते.

प्रश्न : मला दमा आहे. गाड्या दुपारी पण तेवढ्याच असतात, तरी त्रास संध्याकाळी आणि सकाळी लवकरच जास्त का होतो? – एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि कारण गाड्यांपेक्षा वरच्या हवेत आहे. दिवसा ऊन पडतं, जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि खालचा धूर एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत मिसळत जातो. सूर्य मावळला की जमीन गार पडते, खालची हवा गार आणि वरची त्यापेक्षा गरम असं उलटं होतं आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं होऊन जातं. थंडीतल्या शांत रात्री हे झाकण शंभर-दोनशे मीटरवर पण येतं. म्हणजे तेवढाच धूर पण मिसळायला हवा कितीतरी कमी. सकाळी पण ऑफिसची गर्दी सुरू होते तेव्हा झाकण पूर्ण उठलेलं नसतं.

म्हणजे एकच गाडी, तोच रस्ता, पण दुपारी दोनला गेली तर तिच्यामुळे होणारा त्रास वेगळा आणि रात्री नऊला गेली तर वेगळा. हे एकदा पटलं की ट्रॅफिकचे बरेच नियम परत तपासून बघावेसे वाटतात. सगळ्यात आधी ट्रकचा. खूप शहरांत दिवसा जड वाहनांना बंदी आणि रात्री सगळे एकदम आत, दिवसाची कोंडी टाळायला ते सोयीचं आहे आणि अपघाताच्या दृष्टीने त्याला अर्थ पण आहे, पण हवेच्या दृष्टीने सगळ्यात जास्त धूर सोडणारी वाहनं आपण बरोबर झाकण खाली असताना आत घेतो. दिवसा शाळा सुटायच्या वेळेला ट्रक आत घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण अंदाज सांगत असेल की पुढच्या दोन रात्री वारा नाही, तर त्या मोजक्या रात्रींपुरतं जुन्या डिझेल ट्रकना हद्दीवर थांबवणं, ज्यांचा माल थांबू शकतो त्यांना दुसऱ्या दिवशी ऊन असताना दुपारच्या कमी गर्दीच्या वेळेत सोडणं, हे करता येतं, आणि त्यासाठी ट्रकवाल्यांना दोन दिवस आधी कळायला हवं, थांबायला जागा, पाणी, संडास हवा. अंदाजाचा खरा फायदा हाच आहे की सांगायला वेळ मिळतो.

ऑफिसच्या वेळांचं पण तसंच. थंडीच्या दिवसांत संध्याकाळची सुट्टी तासभर अलीकडे आणली, म्हणजे बराचसा ट्रॅफिक सूर्य मावळायच्या आत निघून गेला, तर एक पण गाडी कमी न करता फरक पडतो.

ओझोनचं मात्र उलटं आहे हं. तो गाडीतून थेट निघत नाही, नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलची वाफ वगैरे उन्हात शिजून बनतो, म्हणून उन्हाळ्यात दुपार वाईट. ताई, तुम्ही ॲपवर नुसता एकूण आकडा न बघता त्या दिवशी कोणता प्रदूषक वर आहे ते पण बघा, पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अगदी बारीक कण, असेल तर सकाळ-संध्याकाळ जपा, ओझोन असेल तर दुपार. आणि इन्हेलरबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा.

प्रश्न : सम-विषम नंबर प्लेटचा, म्हणजे एक दिवस सम नंबरच्या आणि दुसऱ्या दिवशी विषम नंबरच्या गाड्या या नियमाचा, काही उपयोग होतो का? दोन्ही बाजूंचं ऐकून डोकं फिरलंय. – पत्रकारिता शिकणारी विद्यार्थिनी

उत्तर : तुझं डोकं फिरणं साहजिक आहे कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कायमची सम-विषम आणि दोन-तीन दिवसांची इमर्जन्सीची सम-विषम, या दोन वेगळ्या आहेत.

नंबरवरून कायमच्या बंदीचं मोठं उदाहरण मेक्सिको सिटी. १९८९ मध्ये तिथे बहुतेक गाड्यांना नंबरप्रमाणे आठवड्यातला एक दिवस बंदी घातली. पुढे अभ्यास झाला तेव्हा हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही, गाड्या मात्र वाढल्या, कारण लोकांनी दुसऱ्या नंबरची दुसरी गाडी घेतली आणि ती बऱ्याचदा जुनी असायची. माणसं कायमच्या नियमातून वाट काढतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना जायला दुसरं साधन दिलेलं नव्हतं.

थोड्या दिवसांची वेगळी. पॅरिसने मार्च २०१४ मध्ये एक दिवस केली आणि त्या वेळी बस-मेट्रो फुकट ठेवली. माद्रिदमध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत, नायट्रोजन डायऑक्साइड ठराविक पातळीवर गेला आणि पुढे पण वारा नाही असा अंदाज असला की आधी रिंग रोडवर स्पीड ताशी ७० किमी, मग पार्किंगवर बंधनं आणि मग गाड्यांवर, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी निम्म्या गाड्या थांबवल्या होत्या. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस झाली पण दुचाकी, सीएनजी, एकट्या किंवा लहान मुलांबरोबर गाडी चालवणाऱ्या बायका अशा बऱ्याच सवलती होत्या, शिवाय तिथल्या थंडीतल्या पीएम २.५ मध्ये गाड्यांशिवाय बाकीच्यांचा पण मोठा वाटा, त्यामुळे रस्ते मोकळे झाले ते सगळ्यांना दिसलं, हवेतला फरक मात्र हवामानाच्या चढउतारात शोधत बसावा लागला.

मला विचारशील तर वर्षभराचं काम पैशाने होतं, नंबर प्लेटने होत नाही. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग म्हणून शहरात येणाऱ्या गाड्यांना फी लावली, गर्दीच्या वेळी जास्त आणि एरवी कमी, आणि महत्त्वाचं म्हणजे फी सुरू व्हायच्या आधीच जादा बस सुरू केल्या होत्या. हद्दीवरचा ट्रॅफिक साधारण २० टक्क्यांनी उतरला, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून ते कायम झालं. लंडनने २००३ मध्ये गर्दीची फी लावली आणि २०१९ पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना वेगळी फी. यात आलेला पैसा बसमध्ये गेला नाही तर गरीब माणसालाच फटका बसतो, लिहिताना हा मुद्दा सोडू नकोस.

प्रश्न : फुटपाथच्या कुठल्या बाजूने चाललं तर धूर कमी लागतो? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, वारा रस्त्याला आडवा असेल आणि दोन्हीकडे उंच इमारती असतील तर ज्या बाजूच्या इमारतींवरून वारा येतोय त्यांच्या पायथ्याशी धूर जास्त साचतो, कारण खाली हवा उलटी फिरते. पण रोज वारा कोण बघणार. सोपं म्हणजे मेन रोड सोडून समांतर आतला रस्ता धरा, गाड्यांची बारीक काजळी रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटरमध्येच खूप उतरते. आणि सिग्नलच्या अगदी तोंडाशी उभं राहू नका, दहा पावलं मागे थांबा.

प्रश्न : वरून ऑर्डर येते की उद्या हवा खराब होणार, ट्रक अडवा, हे बंद करा. आम्ही करतो आणि दुसऱ्या दिवशी हवा ठीकठाक निघते. मग लोक आमच्यावर चिडतात. असा अंदाज काय कामाचा? – सिग्नल ड्युटीवरचा एक हवालदार

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं एकदम रास्त आहे आणि तुमच्या जागी उभं राहून शिव्या खाणं सोपं नाही. अंदाज दोन प्रकारे चुकतो, एक म्हणजे वाईट सांगितली आणि चांगली निघाली, दुसरा म्हणजे चांगली सांगितली आणि वाईट निघाली. पहिल्या चुकीत लोकांची गैरसोय होते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्या चुकीत दम्याचे, हृदयाचे पेशंट दवाखान्यात जातात आणि ते रस्त्यावर कोणालाच दिसत नाहीत. दोन्हीत कमी-जास्त कोणतं धरायचं हे शहराने आधीच ठरवून लिहून ठेवायला पाहिजे, रोज सकाळी नव्याने ठरवायची ती गोष्ट नाही.

आणि तिसरी एक शक्यता आहे, जी कोणी लोकांना समजावून सांगत नाही. तुम्ही ट्रक अडवले म्हणूनच हवा ठीक राहिली असेल तर? हे कळायला मॉडेल दोनदा चालवतात, एकदा ट्रक आत धरून आणि एकदा बाहेर धरून, आणि दोन्हीतला फरक छापतात. ज्या शहरात हे करत नाहीत तिथे काम झालं तरी अंदाज चुकला असंच वाटत राहतं.

उपाय काय तर सगळी हत्यारं एकदम काढायची नाहीत. अंदाज पन्नास-साठ टक्केच पक्का असेल तर ज्यात कोणाचं फारसं नुकसान नाही ते करा, सिग्नलचा प्लॅन बदला, मोठ्या रस्त्यांवर स्पीड लिमिट खाली आणा, बसच्या फेऱ्या वाढवा, रस्त्यावरची धूळ पाण्याने बसवा. खात्री वाढली की मगच ट्रक, आणि अगदी शेवटी खासगी गाड्या. दिल्लीच्या ग्रॅप योजनेत, म्हणजे हवा बिघडेल तशी पायरीपायरीने बंधनं वाढवायच्या योजनेत, २०२२ मध्ये हाच बदल केला, आधी हवा बिघडली की मग पाऊल उचलायचे, आता अंदाज बघून वरच्या पायऱ्या तीन दिवस आधी लावायच्या असं ठरलं. बंधन कधी उठणार हे पण त्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं असावं, म्हणजे तुम्हाला चौकात उत्तर देता येईल.

दादा, स्वतःकडे पण बघा. एन-९५ मास्कने बारीक कण अडतात, वायू अडत नाहीत, म्हणून चौकातली ड्युटी आलटून पालटून मिळायला पाहिजे. अंदाज वाईट असलेल्या दिवशी चौकातली पाळी छोटी करा ही मागणी तुम्ही वरिष्ठांकडे लेखी द्या, ती अगदी योग्य मागणी आहे.

प्रश्न : सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की हे सगळं करायची गरजच उरणार नाही ना? – बारावीतला एक वाचक

उत्तर : सायलेन्सरचा धूर जाईल आणि ते फार मोठं काम होईल, नायट्रोजन डायऑक्साइड तर खूप खाली येईल. पण टायर झिजतो, रस्ता झिजतो, पडलेली धूळ चाकाखाली परत उडते, ते इलेक्ट्रिक गाडीला पण आहेच. ब्रेकची झीज कमी होते कारण मोटरच गाडी हळू करते, पण बॅटरीमुळे वजन जास्त म्हणून टायरची झीज कमी होईलच असं नाही. नॉर्वेत इलेक्ट्रिक गाड्यांची लाट यायच्या आधीच ऑस्लोने २००४ पासून एका मोठ्या रस्त्यावर हिवाळ्यात स्पीड लिमिट ८० वरून ६० किमी केलं होतं, बर्फात घसरू नये म्हणून खिळे लावलेल्या टायरमुळे उडणारी धूळ कमी करायला, आणि त्या वेळच्या मोजणीत पीएम १० मध्ये, म्हणजे जरा मोठ्या कणांमध्ये, फरक दिसला होता. म्हणजे स्पीड आणि गाड्यांची संख्या हे दोन्ही हातात ठेवावंच लागेल.

प्रश्न : कॉलेज प्रोजेक्टसाठी आम्ही पाच-सहा स्वस्त सेन्सर चौकांमध्ये लावणार आहोत आणि ट्रॅफिकवरून दोन तास पुढची हवा सांगणारं मशीन लर्निंगचं, म्हणजे जुन्या आकड्यांवरून स्वतः शिकणारं, मॉडेल करणार आहोत. काय काळजी घ्यावी? – इंजिनिअरिंगचा ग्रुप

उत्तर : मस्त प्रोजेक्ट आहे, नक्की करा. पहिली गोष्ट, लावायच्या आधी दोन-तीन आठवडे सगळे सेन्सर सरकारी स्टेशनच्या शेजारी ठेवा आणि त्यांच्या आकड्याशी जुळवा. हे सेन्सर कणांवर प्रकाश पाडून मोजतात, आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, मग पहाटे धुकं असताना सेन्सर उगीचच जास्त दाखवतो. म्हणून आर्द्रता पण मोजा आणि करेक्शन लावा.

दुसरी, मॉडेलला नुसत्या गाड्यांची संख्या दिली तर ते फसणार. वाऱ्याचा वेग, दिशा, तापमान आणि मिक्सिंगची उंची, म्हणजे वर सांगितलेलं झाकण किती उंचीवर आहे ते, द्या, नाहीतर ते शिकेल की गाड्या कमी तेव्हा प्रदूषण जास्त, कारण रात्री तसंच दिसतं! टेस्टसाठी डेटा मधून मधून उचलू नका, शेजारच्या तासांचे आकडे जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे मॉडेल हुशार वाटतं. सलग काही आठवडे पूर्ण बाजूला ठेवा. आणि तुमचं मॉडेल ‘दोन तासांनी पण आत्ताइतकंच असेल’ या भाबड्या अंदाजापेक्षा किती चांगलं आहे ते सांगा, विशेषतः हवा अचानक बिघडते त्या तासांना, कारण कंट्रोल रूमला तेच तास हवे असतात.

पीएम २.५ बरोबर नायट्रोजन डायऑक्साइड मोजता आला तर जरूर मोजा. चौकातला पीएम २.५ बराचसा बाहेरून वाहत आलेला असतो, स्वयंपाकाचा धूर, कचरा जाळणं, कारखाने, बांधकामाची धूळ, लांबच्या शेतातला धूर. ट्रॅफिकचा ठसा नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये जास्त साफ दिसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या शहरांत तो पटकन खाली आला, आणि बऱ्याच ठिकाणी ओझोन वाढला, कारण गाड्यांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो, तो खाणाराच कमी झाला. तुमच्या डेटामध्ये असं उलटं काही दिसलं तर सेन्सर बिघडला म्हणून लगेच काढून टाकू नका.

प्रश्न : आमच्या मुख्य रस्त्यावर एका बाजूच्या गाड्या बंद करून वन-वे केला, आणि महिनाभराने जाहीर झालं की हवा ३० टक्के सुधारली. पण शेजारच्या रस्त्यावर आम्हाला श्वास घेववत नाही, तिथेच मुलांची शाळा पण आहे. आम्ही नेमकं काय विचारायचं? – शाळेजवळ राहणारी एक आई

उत्तर : ताई, तीन गोष्टी लेखी विचारा. एक, हा आकडा काढताना हवामानाचा फरक वजा केलाय का? आधीचा महिना शांत थंडीचा आणि नंतरचा वाऱ्याचा असेल तर काहीही न करता हवा सुधारलेली दिसते. बरोबर पद्धत म्हणजे शहरातल्या दुसऱ्या, या बदलाशी संबंध नसलेल्या स्टेशनशी तुलना करायची किंवा वारा-तापमान सारखं धरलं असतं तर किती आलं असतं ते काढायचं, हे हल्ली सहज करता येतं. दोन, शेजारच्या रस्त्यांवर मोजलं का? एका रस्त्यावरून हटवलेल्या गाड्या गायब होत नाहीत, काही कमी होतात हे खरं, पण उरलेल्या कुठे गेल्या ते मोजल्याशिवाय सुधारणा म्हणता येत नाही, आणि मोजायला महागडं स्टेशन लागत नाही, नायट्रोजन डायऑक्साइडच्या छोट्या ट्यूब खांबाला लावून दोन-चार आठवड्यांनी लॅबला पाठवल्या तरी सरासरी कळते. तीन, धोका किती माणसांना हे धरलं का? मोकळ्या रस्त्यावरची ३० टक्के घट आणि शाळेच्या गेटवरची १० टक्के वाढ या दोन आकड्यांची सरासरी काढून चालत नाही.

उत्तर येईपर्यंत शाळेपुरतं एक करून घ्या. भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा तास गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंद, व्हॅन आणि गाड्या शंभर मीटर अलीकडे थांबणार आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर परत स्टार्ट करायला लागतं त्यापेक्षा इंजिन चालू ठेवण्यात जास्त इंधन जातं, हे व्हॅनवाल्या काकांना सांगितलं की त्यांना पण पटतं. थंडीत अंदाज वाईट असेल त्या दिवशी मैदानावरचा तास सकाळी पहिला न ठेवता दुपारी घ्या, हे मुख्याध्यापक त्यांच्या पातळीवर ठरवू शकतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.